काकांचा काजू

बदलापूरच्या शिरगावात भाड्याचं घर बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आधार कार्ड मागितलं नाही, पगाराची स्लिप मागितली नाही. लग्नाचा अल्बम मागितला. एजंट म्हणाला, "काका, नवरा-बायको आहेत ते." काका म्हणाले, "कशावरून?" एजंट माझ्याकडे बघायला लागला, मी नवऱ्याकडे आणि नवरा छताकडे. शेवटी मी मोबाइलवरचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, सप्तपदीचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "मुलगा तोच आहे. मुलीत फरक पडलाय." खोल्या मिळाल्या.

बदलापूर पूर्वेला तेव्हा चहूकडे इमारती उठत होत्या आणि त्यांच्या मधोमध काकांचं बैठं घर होतं. पुढे काका-काकू, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या दारासमोर परसात ते झाड. झाडाकडे मी येणारच आहे. पण काका आडवे आल्याशिवाय त्या घरात कशाकडेच जाता येत नसे, त्याला माझा इलाज नाही.

काकांची सगळी नोकरी अंबरनाथच्या एका सरकारी कारखान्यात, इन्स्पेक्शनला झाली. दुसऱ्यांनी बनवलेला पीस मापात आहे का ते बघायचं आणि नसला तर परत पाठवायचा, हे काम. माणूस रिटायर झाला, काम झालं नाही. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी व्हर्निअर असे, जाडी मोजायचं ते स्टीलचं माप. भाकरी, नळाचा वॉशर, चपलेचा पट्टा, जे समोर येईल त्याला ते चिमट्यात धरायचे. पेपरवाल्याला विचारायचे, "आजचाच कशावरून? तारीख काय, कुणीही छापेल." डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलंय, तर ह्यांनी विचारलं, "तुमचं मशीन शेवटचं कधी तपासून आणलंत?" डॉक्टरांचं बीपी वाढलं.

हिवाळ्यात मी डिंकाच्या लाडवांच्या ऑर्डरी घ्यायचे. नवरा एमआयडीसीत शिफ्टला. त्याच्या कंपनीतल्या बायका, मग त्यांच्या नणंदा, मग नणंदांच्या शेजारणी, असं करत गिऱ्हाईक वाढलं होतं. पहिल्या वर्षी काकांना चवीला म्हणून ताटली नेऊन दिली, तर त्यांनी एकेक लाडू मोजला आणि त्यातले दोन माझ्या हातावर परत ठेवले. "ओव्हरसाइज." उरलेले खाल्ले. चवीबद्दल अवाक्षर नाही. मी दारात उभी राहून मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि दोन लाडू घेऊन परत आले.

काकू कशा निभावत असतील, असा प्रश्न कुणालाही पडावा. काकू जवळच्याच गावातल्या, शेतकऱ्याघरच्या, बोलायला कमी आणि करायला पक्क्या. त्यांचा लिंबू-मिरचीवर विश्वास आणि काकांचा कशावरच नाही. दर शनिवारी सकाळी हातगाडीवाल्याकडून लिंबू, मिरच्या आणि तळाला काळा बिब्बा ओवलेली तार घ्यायची आणि चौकटीला टांगायची, हे काकूंचं. संध्याकाळी ती उपटून मागच्या खिडकीतून परसात भिरकावायची, हे काकांचं. "नजर लागते कशावरून?" काकू उत्तर द्यायच्या नाहीत. पुढच्या शनिवारी नवी तार. भांडण नाही, समजावणं नाही. लग्नापासून, घरी असताना, दोघांपैकी एकानेही शनिवार चुकवला नव्हता म्हणे.

आता झाड. रिटायर झाल्यावर काका-काकू एकदाच कोकणात फिरायला गेले. दोघांनी मिळून केलेला तेवढाच प्रवास. तिथून काकांनी काजूचं कलम आणलं, एसटीत मांडीवर घेऊन, आणि परसात मागच्या खिडकीसमोर लावलं. मी राहायला गेले तेव्हा झाड कौलांच्या वर गेलं होतं. पानं ही मोठाली, पत्रावळीला पुरतील अशी. कुणी म्हणालं, "काका, काजूचं पान एवढं मोठं?" की उत्तर ठरलेलं: "खत." रोज सकाळी पाणी घालून झालं की काका खोडावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "पास."

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. ज्या माणसाने माझा लाडू नापास केला, डॉक्टरांचं मशीन नापास केलं, आमच्या लग्नाला जेमतेम काठावर पास केलं, त्याच्या घरात 'कशावरून' न विचारता पास झालेली ती एकच गोष्ट होती.

मग एका वर्षी थंडीत झाडाला पहिल्यांदा भरपूर फळ आलं. नारिंगी, मऊ बोंड आणि त्याच्या टोकाला चिकटलेली काळी कुळकुळीत बी. काका पिशवी भरून माझ्या दारात. "काजू. ह्या वर्षी लाडवांत घरचे घाल."

मी पिशवीत बघितलं आणि दोन पावलं मागे सरले. "काका, हा बिब्बा आहे."

"कशावरून?"

"दिसतोय की. काकू दर शनिवारी दाराला टांगतात तोच."

"दिसण्यावर पास करायचं असतं तर सरकारने मला पगार दिला नसता. बोंड आहे, बोंडाला बी आहे. काजूला काय शिंगं असतात?"

बिब्ब्याच्या टरफलात जे काळं तेल असतं ते अंगाला लागलं की उततं, फोड येतात, हे आपल्याकडे लहान पोराला माहीत असतं. माझ्या आजीने एकदा नुसत्या झाडाखाली बसून तोंड सुजवून घेतलं होतं. हे सगळं मी सांगितलं. काका म्हणाले, "आजीने आणखी काय खाल्लं होतं त्या दिवशी?" मी पिशवी चिमट्याने उचलून बाहेरच्या कट्ट्यावर ठेवली आणि हात साबणाने धुतले. तेवढ्यावर मिटायला हवं होतं.

पण लाडवांचं सामान आणायला मी उल्हासनगरला निघाले, तर काका तयार होऊन रिक्षापाशी उभे. खिशात कागदात गुंडाळलेल्या दोन बिया. माझा सुक्या मेव्याचा शेठ सिंधी, वर्षानुवर्षांचा, मला खारीक-डिंक-गोडंबी डोळे मिटून घेता येईल असा. काकांनी पुडी त्याच्या काउंटरवर उघडली. शेठ खुर्चीसकट मागे सरकला.

"साईं, ये भिलावा है। हाथ मत लगाओ।"

"आपने तोड़के देखा?"

"तोड़ेगा तो हाथ फूल जाएगा, अंकल।"

काकांची नजर बाजूच्या गोणीवर गेली. पांढरट, सोललेल्या बिया. "ये क्या है?"

"गोडंबी। इसी का अंदर का माल है। गाँव में औरतें निकालती हैं।"

"म्हणजे हे खाता येतं," काका माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि हे हात लावलं तरी फोड येतात. एकाच झाडाचं. हे पटतं तुला?" मग शेठकडे वळून, "आपका माल डाउटफुल है।" आणि व्हर्निअर काढून त्यांनी एक गोडंबी मोजली. शेठने माझं सामान बांधलं, पिशवी माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाला, "भाभी, अगली बार अकेले आना।"

एवढ्यावरही एखादा शहाणा माणूस थांबला असता. पण झाडाच्या फांद्या भिंतीवरून पलीकडच्या नव्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेल्या होत्या, आणि त्यांच्या खाली सेक्रेटरींची स्कूटर उभी असायची. एका सकाळी स्कूटरच्या सीटवर फळं पडून फुटली. सेक्रेटरींनी काळा चीक रुमालाने पुसला, रुमाल खिशात घातला आणि ऑफिसात घाम आल्यावर त्याच रुमालाने तोंड पुसलं. दोन दिवसांनी त्यांचे डोळे दिसेनासे झाले. सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर त्यांच्या चेहऱ्याचा फोटो फिरला, माझ्यापर्यंतही आला. बघवत नव्हता.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग. काकांना बोलावणं आलं. मी काकूंबरोबर गेले, कारण काकू म्हणाल्या, "ये गो माझ्यासंगं. हा मानूस काय बोलंल त्याचा नेम नाय."

सेक्रेटरी सुजलेल्या तोंडाने सभ्यपणे बोलले. झाड बिब्ब्याचं आहे, धोक्याचं आहे, काकांनी ते तोडावं. माणूस वाईट नव्हता. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रुमाल धुतलेला होता कशावरून?"

पार्किंगमध्ये कल्लोळ झाला. मग काका उभे राहिले, हात वर करून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि घातली की अट. "माझं झाड काजूचं आहे. बिब्ब्याचं सिद्ध झालं तर ते मी माझ्या हाताने तोडून देईन. काजूचं ठरलं तर पुन्हा झाडाचं नाव काढायचं नाही. मान्य?" आणि कुणी मान्य म्हणायच्या आत खिशातून बी काढून दगडाने ठेचली, शर्टाची बाही वर केली आणि ते काळं तेल कोपरापासून मनगटापर्यंत चोळलं.

काकूंनी माझा दंड एवढा घट्ट धरला की वळ उठले.

सगळे टक लावून हाताकडे बघत बसले. चहा आला, प्यायला गेला. हाताला काही झालं नाही. काकांनी हात सगळ्यांपुढून फिरवला, आरतीचं ताट फिरवतात तसा. "बघा. ह्याला टेस्ट म्हणतात." सेक्रेटरी म्हणाले, "काका, लगेच नाही होत. माझं पण दुसऱ्या दिवशी..." काका म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या रविवारी हा हात इथेच दाखवतो." आणि विजयी मुद्रेने घरी आले. मला वाटलं, जाऊन हलवावं ह्यांना गदागदा.

मंगळवारी काकांनी लांब बाह्यांचा शर्ट घातला. ज्या माणसाने बारा महिने बनियनवर परस झाडला, तो मनगटापर्यंत बटणं लावून पाणी घालत होता. आणि त्या दिवशी 'पास' ऐकू आलं नाही. दुपारी काकूंनी मला हाक मारली. हात भोपळ्यासारखा सुजला होता, फोडांनी भरला होता, काही फुटले होते. काकू तीळ वाटून खोबरेलात कालवत होत्या.

"साबण बदललाय," काका म्हणाले.

"काका, डॉक्टरकडे चला."

"साबण आहे."

"साबण कशावरून?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ह्या बाईला कधीच पास करायला नको होतं. पण रिक्षात बसले. डॉक्टरांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि बीपी मोजायचा विषयच काढला नाही.

संध्याकाळी काका झोपले होते. काकू परसात झाडापासून लांब, माझ्या पायरीवर येऊन बसल्या. मी म्हटलं, काकू, तुम्हाला तर माहीत असणार. तुमच्या गावाकडे बिब्बे असतीलच. इतकी वर्षं बोलला का नाहीत?

काकूंनी पदराच्या टोकाला पीळ घातला. मग म्हणाल्या, "काजू तर कवाच मेला गो. लावला त्याच उन्हाल्यात. ह्यांचं तेव्हा हार्टचं आपरेशन झालं, मी पण हास्पिटलात. झाडाला पानी कोन घालनार? पयल्या पावसानंतर आलो तर काडी वालून गेलेली. आनि तिच्याच बाजूला ह्यो उगवलेला, दोन पानांचा. ह्ये रिक्षातून उतरले नि घरात नाय गेले, पयले इथं आले. हिरवं दिसलं. तिथंच खाली बसले, रडले. म्हनाले, मी नव्हतो तरी जगलाय बघ. मंग मी काय सांगू? वालकी काडी उपटून चुलीत घातली."

"आणि हा बिब्बा आला कुठून?"

काकूंनी मागच्या खिडकीकडे बोट केलं. मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. दर शनिवारी तिथूनच तर काका ती तार भिरकावायचे, बिब्ब्यासकट.

मला हसू येत होतं आणि रडूही. काकूंना मात्र भीती वाटत होती. झाड तुटेल ती भीती होतीच. पण तो मेलेला काजू आपण लपवला हे कळलं तर हा माणूस आपल्याला काय म्हणेल, ही त्याहून मोठी. "उभ्या जन्मात ह्यांनी खोटा पीस पास केला नाय," काकू म्हणाल्या. "आनि मी घरातच करायला लावला."

मी शनिवारी काकांना गाठलं. म्हटलं, "उद्या बाही खाली ठेवा. साबणाची ॲलर्जी म्हणा, मी साक्ष देते. कोण तपासतंय?" मी मनापासून सांगत होते. त्या झाडाने मला वैताग दिला होता, पण काकूंच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. काका म्हणाले, "कोण तपासतंय?" एवढंच, माझेच शब्द, आणि माझ्याकडे पाठ फिरवून पाण्याचा पाइप गुंडाळायला लागले.

रविवारी ते पार्किंगमध्ये आले ते करवत घेऊन. बाही वर केली. पुढच्या रांगेतली एक बाई तोंडावर पदर धरून उठून गेली. "बिब्बा," काका म्हणाले. "सिद्ध झालं. माझी चूक." सेक्रेटरी उठले, म्हणाले, "काका, तुमच्या हाताची ही दशा, राहू दे, आम्ही माणूस बोलावू, परवानगी लागते ती काढू." काका म्हणाले, "शब्द मी दिलाय." मग खूप वादावादी झाली आणि शेवटी भिंतीपलीकडे आलेल्या फांद्या माहितगार माणसाकडून, परवानगी काढून छाटायच्या आणि बाकीचं झाड राहू द्यायचं, असं सेक्रेटरींनीच ठरवलं. काकांना ते मान्य नव्हतं. आपल्याविरुद्ध निकाल पूर्ण लागावा म्हणून भांडणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. सोसायटीने हात जोडले.

पण खरी पंचाईत पुढेच होती. घरी येऊन काका परसात खुर्ची टाकून बसले आणि झाडाकडे बघत म्हणाले, "मी काजू लावला होता. पावती होती. मग हा बिब्बा इथे आला कसा?"

ते आता शोध लावल्याशिवाय उठणार नाहीत हे मला दिसत होतं. नर्सरीवाल्याला दोष देतील, कोकणाला देतील, पुन्हा एसटीत बसतील. मी स्वयंपाकघराच्या दारात लाडू वळत होते. काकू चहा घेऊन आल्या, कप त्यांच्या डाव्या हातात दिला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. काजू, आपरेशन, काडी, चूल. आणि शेवटी, "बिब्बा तुमीच टाकलात. ह्या खिडकीतून. दर शनवारी."

मी लाडू वळायची थांबले. आता येणार. 'काडी मेली होती कशावरून? माझ्याच तारेतला कशावरून? दुसऱ्या कुणी टाकला नसेल कशावरून?' इतकी वर्षं काकूंचं एक वाक्य ह्या माणसाने विचारल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नव्हतं, आणि ह्यावर तर विचारायला जागाच जागा होती.

काकांनी चहा संपवला. कप खाली ठेवला. खिडकीकडे बघितलं, झाडाकडे बघितलं, मग काकूंकडे.

"बस," म्हणाले. "उभी का आहेस?"

बाकी काही नाही. मी लाडू वळायला लागले, तर तो ओव्हरसाइज झाला.

हात बरा झाल्यावर काकांनी माझं जगणं पुन्हा कठीण केलं. आता त्यांना गोडंबी काढायची होती. उन्हात वाळवलेले बिब्बे, जुन्या व्हाइसला, म्हणजे लोखंडी शिकंज्याला, जोडलेला लांब दांड्याचा अडकित्ता, जाड हातमोजे, खोबरेल, वर काकूंची देखरेख. आणि माझ्या ओट्यासमोर दिवसभर कटाक कटाक. तीनात एक बी अखंड निघायची. निघालेल्या धुऊन, पुसून, आधी स्वतः खाऊन, दोन दिवस थांबून, काही होत नाही म्हटल्यावर मला द्यायचे. मी त्या ऑर्डरीच्या लाडवांत कधीच घातल्या नाहीत. घरच्या लाडवांत घातल्या. चव, खोटं कशाला बोलू, शेठच्या मालापेक्षा बरी होती. शेठला मात्र हे मी सांगितलेलं नाही.

आता आम्ही अंबरनाथला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आहोत, चौथ्या मजल्यावर. काका दर थंडीत गोडंबीचा डबा घेऊन येतात. शनिवार तसेच चालू आहेत. फरक एवढाच की हातगाडीवाल्याची तार बंद झाली. काका सकाळी हातमोजे घालून घरचा बिब्बा काढून देतात, काकू तो ओवतात आणि टांगतात, आणि संध्याकाळी काका ती तार उपटून खिडकीतून टाकतात. हे काय आहे, असं मी काकूंना एकदा विचारलं. काकू म्हणाल्या, "तू नको डोकं घालू गो."

मागच्या वेळी आले ते शनिवारीच. काकूंचं बघून मीही दाराला लिंबू-मिरची, तळाला बिब्ब्यासकट, टांगायला लागले आहे. काकांनी डबा माझ्या हातात दिला, चौकटीकडे पाहिलं आणि मी 'काका, नको' म्हणेपर्यंत तार उपटून घेऊन ते बाल्कनीत पोचले सुद्धा. मी मागून धावले. ते कठड्यावरून खाली वाकून बघत होते. हात फेकायला उचललेला, आणि तसाच थांबलेला.

"खाली सगळे पेव्हर ब्लॉक आहेत," ते वैतागून म्हणाले, जणू ते मीच बसवले होते. मग खिशातून कागद काढला, तार त्यात नीट गुंडाळली आणि व्हर्निअरच्या शेजारी ठेवली. "राहू दे. घरी नेऊन टाकतो."